बेसिनमधला गुलाबी रंग

नमस्कार मंडळी. सकाळी ब्रश करून चूळ टाकली आणि हिरड्यांतल्या रक्ताने बेसिनमध्ये गुलाबीसर दिसलं की आपण काय करतो? नळ सोडतो, संपला विषय. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बाजूला ब्रश जरा हळूच फिरवतो, म्हणजे जिथे कीटण साठलंय नेमकी तीच जागा सोडून देतो. मीही वर्षभर हेच केलंय, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही. पण हिरड्या खराब असल्या की हृदयही बिघडतं, हार्ट अटॅक येतो, असे व्हॉट्सॲप फॉरवर्ड फिरतात, त्यात खरं किती ते बघू.

आता जिथून रक्त बाहेर येतं तिथून जीवाणू आतही जातात, साधी गोष्ट आहे. ब्रश करताना, अगदी चावतानासुद्धा थोडेफार रक्तात शिरतातच, शरीर त्यांचा थोड्या वेळात निकाल लावतं. पण हृदयाची झडप खराब किंवा कृत्रिम असेल तर स्ट्रेप्टोकॉकस कुळातले काही जण, जे एरवी साखरेपासून चिकट थर बनवून दाताला धरून बसतात, ते तिथेही तसेच ठाण मांडतात. याला म्हणतात इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस, वेळेत उपचार नाही झाले तर जिवावर बेततं. इथे तोंडाचा आणि हृदयाचा संबंध पक्का आहे, वाद नाही. म्हणून कृत्रिम झडपवाल्यांना दाढ काढायच्या अर्धा-एक तास आधी अँटिबायोटिक देतात. पूर्वी हे बऱ्याच जणांना द्यायचे, 2007 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने यादी एकदम छोटी केली, कारण एका दाढेपेक्षा रोजच्या ब्रशने आणि चावण्यानेच जास्त वेळा जीवाणू रक्तात जातात. त्यामुळे झडपेचं काही असेल तर दाताच्या डॉक्टरला आधी सांगा, ‘दाताचा आणि छातीचा काय संबंध’ म्हणून गप्प बसू नका.

हार्ट अटॅकचं मात्र वेगळं आहे हं, फॉरवर्डमध्ये दोन्हीची खिचडी करतात. 1989 मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांना दिसलं की अटॅक आलेल्यांचे दात इतरांपेक्षा वाईट होते. पुढे रक्तवाहिनीत साठलेल्या थरातही हिरडीच्या जीवाणूंचे अंश सापडले. पण सापडले म्हणजे त्यांनीच केलं असं नाही ना, सिगरेट आणि डायबिटीस हिरड्याही बिघडवतात आणि हृदयही. 2012 मध्ये त्याच असोसिएशनने सांगितलं की संबंध दिसतो, कारण सिद्ध झालेलं नाही. मला एक प्रयोग फार आवडतो, 2007 चाच. हिरड्यांची खोलवर सफाई केली तर दुसऱ्या दिवशी रक्तवाहिन्यांचं काम उलट बिघडलं, आणि सहा महिन्यांनी बघितलं तर सुधारलेलं! पण त्याने अटॅक टळतो का, हे त्यात तपासलंच नव्हतं.

आणि सिगरेट ओढणाऱ्यांनो, तुमच्या हिरड्यांतून रक्त कमीच येतं, आतून बिघडलेल्या असल्या तरी. म्हणजे तुमचं बेसिन पांढरंशुभ्र दिसलं तरी डॉक्टरला एकदा तोंड उघडून दाखवा.