डोंगराचा माथा सपाट आहे

(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : फळ्यावर खडूनं काढलेलं निसर्गचित्र. कॅमेरा सरकत वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या अजिंक्यताऱ्यावर येतो.)

हे चित्र तुम्ही काढलेलं आहे. दोन टोकदार डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, डोंगरातून निघून थेट आपल्या अंगावर येणारी नदी, काठावर झोपडी, झोपडीला खेटून नारळाचं झाड. ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की महाराष्ट्रातली हजारो मुलं न अडखळता हेच काढतात. साताऱ्यातलीही.

आता खिडकीबाहेर बघा. समोर अजिंक्यतारा आहे आणि त्याला टोक नाही. पश्चिमेला यवतेश्वराचं पठार. सूर्य मावळतो तो त्या पठारामागे, दोन डोंगरांच्या फटीत नाही. सज्जनगडाचा माथा पट्टी लावून ओढावा तसा सपाट. पुण्याकडे जाताना दिसणारे चंदन-वंदन, तेही सपाट. आणि नारळ? माण-खटावच्या मुलांनी तो झाडावर कमी आणि देवळात फोडतानाच जास्त पाहिलेला.

म्हणजे मूल रोज ज्या डोंगराखालून शाळेत येतं, तो त्याच्या चित्रात नाही. चित्रात आहे तो कुणीतरी कधीतरी फळ्यावर काढून दिलेला डोंगर. मुलांच्या हातात कला नाही, असं आपण फार सहज म्हणून जातो. हात चांगला असतो. पाहायला शिकवायचं मात्र राहून गेलेलं असतं.

(दृश्य : मैदान. मुलं जमिनीवर बसलेली. प्रत्येकाच्या हातात मधोमध चौकोन कापलेली जुनी लग्नपत्रिका.)

या शाळेतल्या बाईंनी आज रंगपेटी बाहेर काढू दिलेली नाही. लग्नपत्रिकेला खिडकी कापायची, एक डोळा मिटायचा आणि त्या खिडकीतून डोंगर बघायचा, एवढंच काम. एवढा मोठा डोंगर चौकोनात धरला की त्याची कड नेमकी दिसायला लागते. बाई विचारतात, “वरची रेघ कुठं सरळ जाते? कुठं मोडते?” थोडा वेळ गप्पगप्प जातो. मग एक मुलगी म्हणते, “बाई, ह्याला पायऱ्या हाईत.”

पायऱ्याच आहेत. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हानं घडला. एकावर एक थर साचत गेले. कठीण थराचा सरळ कडा उरला, मऊ थर झिजून त्याचा उतार झाला. म्हणून कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. भूगोलाच्या पुस्तकात हे असतं. पण पेन्सिलीनं ती पायरी स्वतः ओढली की ते मुलाचं होतं.

यानंतर रंग. मागचा डोंगर निळसर दिसतो, जवळचा तपकिरी. का? मधल्या हवेमुळे. जितकं अंतर जास्त, तितकी मधली हवा जास्त, तितका रंग फिका आणि निळा. दूरच्या डोंगराला हिरवा खडू फासणारा हात इथं थांबतो आणि विचार करतो. ते थांबणं फार मोलाचं आहे. बाईही त्या वेळी मध्ये बोलत नाहीत.

मुलाचं चित्र बघून आपण ‘छान!’ म्हणतो. मनापासून म्हणतो. पण ‘छान’वर संभाषण संपतं. त्याऐवजी ‘हा कडा इथंच का थांबवलास?’ असं विचारून बघा. मूल बोलायला लागतं, बोलता बोलता पुन्हा डोंगराकडे बघतं, आणि पुढची रेघ आपोआप सुधारते.

(दृश्य : परीक्षेचा वर्ग. ड्रॉइंग बोर्ड, क्लिपा, पाण्याचे डबे.)

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. राज्याच्या कला संचालनालयाच्या या रेखाकला परीक्षांनी गावोगावच्या मुलांच्या हातात ब्रश दिला, ही मोठी गोष्ट आहे. दहावीला जादा गुणही मिळतात. मात्र त्याच गुणांसाठी स्मरणचित्र पाठ करून घेतलं जातं, तेव्हा वाईट वाटतं. बसथांबा, बाजार, जत्रा, ठरलेली माणसं ठरलेल्या जागी. स्मरण असायला हवं ते स्वतः पाहिलेल्या जत्रेचं. ज्या मुलानं औंधच्या यमाईदेवीच्या यात्रेत वडिलांच्या खांद्यावर बसून गर्दी पाहिली आहे, त्याला दुसऱ्याची जत्रा कशाला द्यायची?

(दृश्य : साधारण दहा वर्षांचा मुलगा. खोडरबरानं कागद खरवडतोय.)

याच्याकडे नीट लक्ष द्या. तीन-चार वर्षांचं मूल भिंत, फरशी, उंबरा, मिळेल तिथं रेघोट्या ओढतं. सहा-सात वर्षांचं मूल आईला घरापेक्षा उंच काढतं आणि त्याला त्यात काही चूक वाटत नाही. नऊ-दहाच्या सुमारास मात्र डोळा हाताच्या पुढे जातो. आपलं चित्र खऱ्यासारखं झालेलं नाही, हे मुलाला दिसायला लागतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञानं मुलांच्या चित्रांमधले हे टप्पे वयानुसार मांडून ठेवले आहेत. या वयात ‘मला नाही येत’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकू येतं. तेव्हा कुणी शेजारी बसलं नाही, तर पुष्कळांचा हात तिथंच थांबतो. मग चाळिशीतली माणसंही माणूस काढताना दहा वर्षांच्या मुलासारखाच काढतात.

मोठ्यांना पुन्हा सुरुवात करून देण्याचे साधे मार्ग आहेत. खुर्ची काढू नका. खुर्चीच्या पायांमधल्या मोकळ्या जागांचे आकार काढा. ‘खुर्ची’ म्हणून डोक्यात बसलेलं चित्र तिथं उपयोगी पडत नाही, डोळ्यांनाच काम करावं लागतं. किंवा एखादं रेखाचित्र उलटं ठेवून उतरवा. दोन्हींत युक्ती एकच, माहीत असलेलं बाजूला ठेवायचं.

(दृश्य : घराचा सोपा. एक आजी वाकळ शिवताहेत.)

आजींना विचारलं, चित्र काढता का? “आवं, मला कुठलं चितार येतंय! शाळंचं तोंड बघितलं न्हाई.”

आणि हे बोलत असताना त्यांच्या मांडीवर काय आहे? जुन्या लुगड्यांचे तुकडे. हिरव्याशेजारी कोणता घ्यायचा, काठ कुठं आणायचा, मधला चौकोन केवढा ठेवायचा, सगळं नजरेनं ठरवलेलं. बाहेरून आत जाणारा धावदोरा. कागदावर आराखडा नाही, मोजपट्टी नाही. चित्रकलेच्या वर्गात याच गोष्टींना रंगसंगती आणि मांडणी म्हणतात आणि गुण देतात. चैत्रात याच आजी अंगणात चैत्रांगण रेखतात. झोपाळ्यातली गौर, चंद्र, सूर्य, तुळस, शंख, गोपद्मं, चिमटीतून सलग उतरतात. गावातल्या शाळेनं आठवड्यातून एक तास अशा बायकांना वर्गात बोलवावं, असं आम्हाला फार वाटतं. पाहुणी म्हणून नव्हे, शिकवायला.

सामानाची अडचण सांगितली जाते. खरी आहे, चांगला कागद महाग आहे. पण चुलीतला कोळसा आहे, काव आहे, गेरू आहे, चुना आहे. हळदीत चुना मिसळला की लाल रंग होतो, हे देव्हाऱ्यातल्या कुंकवानं आपल्याला कधीच शिकवलंय. बाभळीच्या काडीचं टोक चावून तंतू मोकळे केले की ब्रश तयार. हळदीचा रंग उन्हात उडतो, तेवढं चित्र सावलीत ठेवा.

(दृश्य : मिरज. सतारमेकर गल्ली. भोपळे, लाकडाचा भुसा, कानस.)

मिरजेत सतार-तानपुरे घडवण्याचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातले हात या कामात उतरले. २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. इथं एक काम बघण्यासारखं आहे, जवारी. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसेनं किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. हे वहीत लिहून देता येत नाही. शिकाऊ मुलगा शेजारी बसून ऐकत राहतो, आणि हळूहळू त्याचा हात बसतो.

(दृश्य : औंध. यमाईच्या डोंगराची चढण, संग्रहालयाची इमारत.)

औंध. खटावचा दुष्काळी मुलूख. या छोट्या संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. संपूर्ण रामायण त्यांनी चित्रांतून मांडलं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीसाठीही त्यांनी चित्रं काढली. राज्यकारभार सांभाळून, वय वाढत असताना, ब्रश हातात धरूनच. आणि आपला संग्रह त्यांनी वाड्यात कोंडून ठेवला नाही. १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उघडलं. राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं, चित्रकार धुरंधरांची चित्रं, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्प. देवीला येणारा शेतकरी दर्शन घेऊन उतरताना हे पाहू शकतो.

शाळांच्या सहली इथं येतात. रांग आत जाते, रांग बाहेर येते. आमची विनंती आहे, अर्धा दिवस ठेवा. प्रत्येक मुलानं एकच चित्र निवडावं, त्याच्यासमोर बसावं, वहीत उतरवावं. आधी काय दिसलं आणि पाच मिनिटांनी नवं काय दिसलं, ते शेजारच्याला सांगावं. आणि सहलीच्या गाडीत चार जागा आजी-आजोबांसाठी राखून ठेवा. लुगड्याचे काठ जुळवणाऱ्या आजींना रविवर्म्यांनी रंगवलेली साडीची किनार बघायची आहे, आणि ती त्यांना कशी वाटली, हे मुलांना ऐकायचं आहे.