डेक्कन जिमखान्यावरून अँटवर्पला : भारताच्या पहिल्या ऑलिंपिक संघाची गोष्ट

लकडी पूल ओलांडून मुठेपलीकडे आले की लागणारा डेक्कन जिमखाना आज बहुतेक पुणेकरांना बसथांबा म्हणून आणि फार तर टेनिससाठी प्रसिद्ध असलेला क्लब म्हणून ठाऊक असतो. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या पुढाकारातून भारताचा पहिला ऑलिंपिक संघ उभा राहिला, ही गोष्ट मात्र खुद्द डेक्कनवर राहणाऱ्यांच्याही सहसा कानावर आलेली नसते. १९०० मध्ये पॅरिस ऑलिंपिकला भारताच्या नावावर धावलेल्या नॉर्मन प्रिचर्ड याने दोन रौप्यपदके मिळवली होती हे खरे; पण त्याच्यामागे ना निवड चाचणी होती, ना संघ, ना संघाला पाठवणारी एखादी भारतीय संस्था.

या कथेच्या केंद्रस्थानी आहेत जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा. केंब्रिजला शिकत असताना ते कॉलेजच्या क्रिकेट आणि फुटबॉल संघांतून खेळले होते, आणि तेथे जडलेली मैदानाची गोडी मायदेशी परतल्यावरही सुटली नाही. मुंबईतील शाळांना एकत्र आणून त्यांनी आधी क्रिकेटचे सामने आणि पुढे धावण्याच्या व इतर मैदानी खेळांच्या शर्यती सुरू करून दिल्या. पुण्याच्या जिमखान्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले ते या कामानंतर.

येथे त्यांना जे दिसले त्याचे वर्णन त्यांनी पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. मैदान लहान होते आणि धावपट्टी म्हणजे रूळ न फिरवलेल्या, खडबडीत गवताळ जागेचा एक भाग. जागा पुरेना म्हणून शंभर यार्डांची शर्यत वळणावरून, तीही धावपटूंच्या मध्ये दोऱ्या न लावता, घेण्याचे संयोजकांनी ठरवले होते. शंभर यार्ड सरळ रेषेतच धावायचे असतात, हे नियम ज्यांनी कधी वाचलेच नाहीत त्यांना कोण सांगणार? धावणारे बहुतेक शेतकऱ्यांघरचे तरुण होते. युरोपीय पद्धतीचा सराव त्यांना माहीत नव्हता आणि ठरावीक आहार परवडणाराही नव्हता. तरीही जिमखान्याची खरी प्रतिष्ठा होती ती सुमारे पंचवीस मैलांच्या शर्यतीला. ही माणसे खडीच्या, चढउताराच्या रस्त्यांवरून अनवाणी किंवा साध्या गावठी चामड्याच्या वहाणांत धावत, आणि १९१९ मध्ये त्यांच्यापैकी काहींच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांच्या जवळपास जाऊ लागल्या होत्या. नियमांचे अज्ञान आणि पायांतील ताकद यांतले अंतर टाटांच्या नजरेने अचूक टिपले, आणि माझ्या मते ऑलिंपिकची कल्पना सुचली ती या अंतरामुळेच.

मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने १९२० च्या आरंभी, बेल्जियममधील अँटवर्पला व्हायच्या ऑलिंपिकमधील भारताच्या सहभागाला मान्यता मिळाली. त्याच वर्षी पुण्यात चाचणी स्पर्धा होऊन चार धावपटू आणि दोन मल्ल निवडले गेले. सरकारने ६,००० रुपये दिले, तर टाटांनी स्वतःच्या खिशातून ८,००० रुपये घातले. उरलेल्या रकमेसाठी संस्थानिकांपुढे आणि इतर दात्यांपुढे हात पसरावा लागला. व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत संघाबरोबर गेले.

अँटवर्पला बंगालचा पूर्मा बॅनर्जी १०० आणि ४०० मीटर धावला, पण प्राथमिक फेरीपुढे जाऊ शकला नाही. मॅरेथॉनचे अंतर त्या वर्षी ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षाही थोडे अधिक होते. सदाशिव दातार यांना ती पूर्ण करता आली नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले मात्र २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. विजेता हान्नेस कोलेहमाइनेन त्यांच्या सुमारे अठरा मिनिटे आधी पोहोचला होता. पदकतालिकेत एकोणिसाव्या क्रमांकाला जागा नसते, म्हणून हे नाव मागे पडले असावे.

कुस्तीत कुमार नवले पहिल्याच फेरीत हरले. रणधीर शिंदे यांनी मात्र फेदरवेट गटात उपांत्य फेरी गाठली. तेथे त्यांना अमेरिकेच्या सॅम गर्सनने हरवले आणि कांस्यपदकाची कुस्ती ब्रिटनच्या पीटर बर्नार्डने जिंकली. शिंदे चौथे आले. तांबड्या मातीत, समोरचा चितपट होईपर्यंत लढण्याची सवय असलेल्या मल्लाने गादीवर परक्या नियमांनी मिळवलेले हे स्थान आहे, आणि कुस्तीतील पहिल्या भारतीय पदकासाठी त्यानंतर १९५२ च्या हेलसिंकीपर्यंत, खाशाबा जाधवांपर्यंत, थांबावे लागले.

पुढच्या पॅरिस ऑलिंपिकसाठीची निवड १९२४ मध्ये दिल्लीत झाली. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष सर दोराबजी टाटाच होते. संघ निवडण्याचे काम मात्र पुण्याच्या जिमखान्याकडून तोवर कायमचे गेले होते.