दोराच्या दुसऱ्या टोकाला

मालवणच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी पाय रोवून उभा असलेला हा तरुण नट रापण ओढतो आहे. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेल्या लांबलचक जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि माणसांच्या दोन रांगांनी ते तास-दोन तास ओढत राहायचे, अशी ही मासेमारीची जुनी रीत आहे. येथे मात्र दोर नाही, जाळे नाही आणि रांगही नाही. एकट्या माणसाच्याने जे काम कधीच होत नाही, तेच त्याने आपल्या एकपात्री मूकनाट्यासाठी निवडले आहे.

मूकाभिनय म्हणजे हातवारे करून गोष्ट सांगणे, असा सर्वसाधारण समज आहे आणि महाविद्यालयांच्या युवा महोत्सवांतील पाच-पाच मिनिटांच्या मूकनाट्यांनी तो बराचसा पक्का केला आहे. या नटाची वाट वेगळी आहे. वस्तू दाखवण्याऐवजी त्या वस्तूमुळे शरीरात झालेला बदल दाखवावा, असे तो मानतो. दोर जड आहे हे तोंड वेडेवाकडे करून सांगता येते. पण त्याने ते प्रेक्षकाला नुसते कळते, पटत नाही. फ्रान्समध्ये एतिएन दक्रू (१८९८–१९९१) यांनी आधुनिक देहाभिनयाची जी शिस्त घडवली, तिच्या मुळाशी हाच विचार होता. अभिनयाचा भार चेहऱ्यावरून आणि हातांवरून काढून त्यांनी तो धडावर आणला, आणि त्यासाठी प्रसंगी नटाचा चेहरा कापडाने झाकला. पुढे जगभर गाजलेले मार्सेल मार्सो हे त्यांचेच शिष्य; पण मार्सो यांचा पांढरा रंगवलेला चेहरा लोकांच्या लक्षात राहिला आणि दक्रू यांचे धड मागे पडले, ही मूकाभिनयाच्या लोकप्रियतेची किंमत म्हणावी लागेल.

आता त्याच्या पायांकडे पाहा. खरा दोर ओढणारा माणूस मागे झुकूनही पडत नाही, कारण दोराचा ताण त्याला धरून ठेवतो. दोरच नसेल तर तो कल शरीराला स्वतःच्या बळावर सांभाळावा लागतो. त्यामुळे त्याचा मागचा पाय गुडघ्यात वाकून जवळजवळ सगळा भार गुपचूप पेलतो आणि पुढचा पाय मात्र जोर लावत असल्याची बतावणी करतो. सराव झाला की तो ओल्या वाळूतले आपलेच ठसे तपासतो. रापणकराच्या पुढच्या पावलाची टाच वाळूत खोल रुतलेली असते. याच्या ठशांत मागचे पाऊल खोल आणि पुढची टाच जेमतेम उमटलेली असते. हा फरक टाळता येण्यासारखा नाही. पण पुढची टाच मुळीच उमटली नसेल तर सोंग उघडे पडले, असे समजून तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. रंगमंचाच्या फळ्यांवर ठसे उठत नाहीत, म्हणून हा हिशेब येथेच चुकता करावा लागतो.

हातांचे गणित याहून अवघड आहे. मूठ वळली की आत दोराच्या जाडीएवढी पोकळी राहिली पाहिजे आणि शेवटपर्यंत ती तेवढीच राहिली पाहिजे. एक हात सोडून पुढे नेताना दुसरा हात हवेत जेथे आहे तेथेच थांबतो. छाती पुढे येते, कंबर वळते, पण ती मूठ तसूभरही हलत नाही. अवकाशातल्या या स्थिर बिंदूमुळेच प्रेक्षकाला दोर दिसू लागतो. शिवाय हा ताण एकसारखा नसतो. लाट किनाऱ्याकडे येते तेव्हा दोर थोडा सैल पडतो आणि पाणी परतू लागले की हातांना हिसका देतो. रापणकर सैल पडलेला दोर ओढून घेतात आणि हिसका बसला की नुसते तग धरून उभे राहतात. ही लय अंगात मुरेपर्यंत नटाने काय केले असेल, तर वाडीतल्या रापणीला हात लावला आणि हाताला पडेल ते काम केले.

उरतो प्रश्न रांगेचा. एकच नट गर्दी कशी दाखवणार? एका माणसाचे सोंग उरकून चटकन बाजूला सरकायचे आणि दुसऱ्याचे घ्यायचे, ही एकपात्री प्रयोगांची रुळलेली युक्ती त्याने नाकारली आहे. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माणूस राहतो आणि बाकीचे सगळे त्या दोरातून त्याच्यापर्यंत पोचतात. पुढच्याचा पाय घसरला की दोर एकाएकी जड होऊन याला दोन पावले पुढे खेचतो. मागे कोणी नवा गडी येऊन लागला की याचे खांदे किंचित सैलावतात, आणि मागे वळूनही न पाहता तो जरा बाजूला सरकून त्याला जागा करून देतो. प्रयोगातला हा क्षण, माझ्या मते, सर्वांत देखणा आहे.

पांढरा रंग तो लावत नाही. ही प्रथा एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसची, मूकनट देब्युरो यांनी गाजवलेल्या पिएरो या पांढऱ्या चेहऱ्याच्या विदूषकी पात्राची. येथे चेहरा रंगवला की प्रेक्षक त्यात दशावताराची रंगभूषा पाहू लागतो आणि त्याच अपेक्षेने बसतो. दशावतार हा तर बोलणाऱ्या नटांचा खेळ आहे. लिखित संहिता नसताना तेथे संवाद जागच्या जागी रचले जातात. तरीही या नटाला दशावताराचे ऋण मान्य आहे, ते प्रेक्षकाच्या बाजूने. एक बाकडे सिंहासन होते, त्याला एक फेरी मारली की राजा दूर वनात पोचतो, हे जत्रेत रात्ररात्र जागून पाहिलेल्या माणसाला रिकामी जागा भरून घ्यायला शिकवावे लागत नाही. तळकोकणात त्याला प्रयोगाआधी प्रस्तावना करावी लागत नाही, याचे कारण हेच आहे.

प्रयोगात लाटांचे ध्वनिमुद्रण वाजवावे, ही सूचना त्याला वारंवार होते आणि तो ती दर वेळी नाकारतो. समुद्राचा आवाज आला की प्रेक्षक कानांनी समुद्र पाहतो आणि शरीराचे काम संपते, असे त्याचे म्हणणे आहे. मात्र गावच्या मांडवात जनित्राची घरघर आणि पोरांचा कलकलाट असतोच. त्याबद्दल त्याची तक्रार नाही.

नाट्याचा शेवट रिकाम्या जाळ्याचा आहे. यांत्रिक नौकांवरून मासळीचा अख्खा थवा घेरून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांनी दिलेला लढा आणि त्या मासेमारीवर राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये घातलेले निर्बंध हे या किनाऱ्याला तोंडपाठ आहे, त्यामुळे रिकामे जाळे येथे समजावून सांगावे लागत नाही. सुरुवातीच्या प्रयोगांत जाळे जवळ येता येता दोर हलका होत जाई आणि नट तोल जाऊन मागे पडे. टाळ्या मिळत. एका म्हाताऱ्या रापणकराने मात्र हरकत घेतली. जाळे रिकामे असले तरी हलके नसते, भिजलेल्या सुताचे वजन असते, कधी शेवाळ, कधी जेलीफिश भरून येतात, आणि मासळी आहे की नाही हे जाळ्याचा शेवटचा भाग काठाला लागेपर्यंत कळत नाही, असे त्याने सुनावले. तेव्हापासून मागे पडणे बंद झाले. आता दोर अखेरपर्यंत तितकाच जड राहतो, लय तीच राहते, आणि जाळे काठाला लागल्यावर नट वाकून आत पाहतो व लगेच ते आवरायला घेतो, कारण ओले जाळे तसेच टाकून कोणी घरी जात नाही. या शेवटाला टाळ्या उशिरा येतात. पहिला शेवट परत आण, असे सांगणारेही भेटतात. त्यांना तो त्या म्हाताऱ्याकडे पाठवतो.