नांगरासाठी वर्गणी
(ओमानमधल्या मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीनं मला ‘ओमानचा इतिहास’ असा विषय दिला होता आणि मी तयारीही त्याच बेतानं केली होती. पण गेल्या शुक्रवारी आम्ही इथल्या किनाऱ्यावरच्या सूर गावी गेलो, आणि परतताना गाडीत जे झालं ते अजून मनातून जात नाही. म्हणून आज सूरबद्दलच बोलते, आणि माझ्या लेकीनं विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल.

सूर आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे रास अल जिंझला कासवं बघायला जाताना पेट्रोल भरायला थांबलोय, चहा प्यायलोय आणि पुढं निघालोय. चौदा वर्षं मीही तेच करत आले. या खेपेला लेकीला शाळेसाठी जहाजांवर काही लिहायचं होतं, म्हणून खाडीकडं वळलो.

खोर अल बतह ही तिथली खाडी. तोंडाशी अरुंद, आत ऐसपैस आणि शांत. पलीकडच्या काठावर अल ऐजा, पांढरी घरं आणि दीपस्तंभ. दोन काठांमध्ये आता झुलता पूल आहे, २००९ सालचा. ओहोटी लागली होती, दोन-तीन होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या आणि तोच वास येत होता. देवगड, विजयदुर्ग, जैतापूरकडच्या मंडळींना तो वास सांगायला नको.

काठावर ‘फतह अल खैर’ हे जुनं शिडाचं जहाज उभं आहे. १९५१ मध्ये सूरमध्येच बांधलेलं. त्या जातीला तिकडं घांजा म्हणतात, आपल्याकडच्या कोटिया गलबताची सख्खी बहीण. वीस मीटरहून लांब, तीनशे टनांचं धूड, मागची बाजू कोरीव. पुढं ते विकलं गेलं, हिंडत हिंडत येमेनला पोचलं. आणि १९९३ मध्ये सूरच्या लोकांनी आपसात पैसे गोळा केले, येमेनहून ते विकत घेतलं आणि घरी आणलं.

हे मी लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे वर्गणी काढली? आपल्या गणपतीसारखी?”

हो, म्हटलं. अगदी तशीच.

मंडळी, हे गाव जगलंच जहाजांवर. आजूबाजूला उघडे डोंगर, जहाजाला लागेल असं लाकूड नाही. सागवान यायचं आपल्या बाजूनं, मलबारहून. म्हणजे ज्यांच्याकडं लाकूड नाही, त्यांनी अख्ख्या अरबी समुद्रात नाव काढलं ते जहाजं बांधण्यात! पावसाळा सरत आला की सूरची जहाजं बसऱ्याला खजूर भरायला जायची. ईशान्येचा वारा सुरू झाला की मुंबई, मलबार, नाहीतर खाली झांजिबार. वारा फिरला की परत. आफ्रिकेतून खारफुटीचे वासे यायचे आणि इथल्या घरांची छपरं त्या वाशांवर उभी राहायची. आपण ज्याला मोसम म्हणतो तो अरबीतला मौसिम, म्हणजे हाच, जहाजं हाकारायचा काळ. आणि आपला नाखवा म्हणजे त्यांचा नोखुदा. शब्द पुस्तकातून आलेले नाहीत, डेकवरून आले आहेत.

यात एक काळी बाजू आहे, आणि सूरचं कौतुक करताना ती मी गाळणार नाही. या जहाजांतून खजुराबरोबर माणसंही विकायला नेली. इंग्रजांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झडत्या सुरू केल्या, तेव्हा सूरच्या कित्येक मालकांनी फ्रेंचांचं निशाण मिळवलं, कारण त्या निशाणाखालच्या जहाजावर इंग्रजांना चढता येत नव्हतं. भांडण एवढं वाढलं की फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या लवादापुढं गेले. १९०५ मध्ये निकाल लागला. एवढ्याशा खाडीतल्या गलबतांनी कोणतं निशाण लावायचं, हे हेगमध्ये ठरत होतं! सूरची माणसं हे सगळं पचवून उभी राहिली.

आणि आपलं नातं किती जवळचं होतं? १९७० पर्यंत या देशात रुपया चालायचा. शेवटी शेवटी आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी मुद्दाम छापलेला. इथले सुलतान तैमूर गादी सोडल्यावर पुढं मुंबईत राहिले आणि १९६५ मध्ये मुंबईतच वारले. आपण इथं विमानानं आलो आणि समजतो की ही वाट आपण पाडली.

तिथून आम्ही जहाजाच्या कारखान्यात गेलो. एक केरळी सुतार फळीला भोकं पाडत होता. धनुष्यासारखी दोरी लावलेला सामता, एका हातानं पुढं-मागं ओढायचा, दुसऱ्या हाताचा तळवा वर दाबलेला. पायाशी खिळ्यांचा ढीग, हातभर लांब. एकेका खिळ्याला तो तेलात भिजवलेला कापूस गुंडाळत होता, म्हणजे भोकातून पाणी शिरत नाही. नकाशा कुठंच नव्हता. आधी बाहेरच्या फळ्या, आतल्या फासळ्या मागाहून. १९८० मध्ये याच गावात ‘सोहार’ हे जहाज बांधलं, एकही खिळा न मारता, काथ्यानं शिवून, आणि ते चीनपर्यंत गेलं. मस्कतला अल बुस्तानच्या चौकात उभं आहे ते. आपण रोज त्याला वळसा घालतो.

लेक त्या खिळ्यांपाशी बराच वेळ बसून होती. जुनी विद्या टिकवणारे हातही आज आपल्याच किनाऱ्याचे आहेत, हे मला फार लागलं.

आणि मग परतीच्या वाटेवर, वाटेतलं कुरियात गाव अजून मागं पडायचं होतं, तेवढ्यात चुलतभावाचा फोन आला. गावचं घर विकायचं ठरलंय, आवराआवर चाललीय. म्हणाला, “ताई, भंगारवालो इलो हा. नांगर दिवचो काय? किलोच्या भावान घेतलो म्हणता.”

माझे आजोबा पडावावर, म्हणजे मालवाहू शिडाच्या गलबतावर, तांडेल होते, खलाशांचे म्होरके. मंगलोरहून कौलं आणायची, मुंबईला माल पोचवायचा. पडाव कधीच गेला, त्याचा नांगर मागं राहिला. खळ्यात माडाच्या बुंध्याशी. आम्ही लहानपणी त्याच्यावर बसून कैऱ्या खाल्ल्या, आजीनं त्याला म्हैस बांधली. एक दात बोथट झालेला, कडी झिजून पातळ झालेली.

मी म्हटलं, अजिबात द्यायचा नाही. नवरा म्हणाला, मग ठेवणार कुठं? घरच उरणार नाही, नांगर काय इथं विमानानं आणणार? खरं होतं त्याचं, म्हणूनच मी जास्त चिडले. बराच वेळ आम्ही भांडत होतो. मग मागच्या सीटवरून लेकीनं विचारलं, “आई, त्यांनी जहाजासाठी वर्गणी काढली. आपण नांगरासाठी नाही का काढत?”

गाडीत कुणीच काही बोललं नाही.

मंडळी, रागावू नका, पण वर्गणी आपल्यालाही काढता येते. नाटक आणायला निघते, गायक आणायला निघते, आणि ते हवंच, मी स्वतः रांगेत पहिली असते. पण या सभागृहात कोकणातली तीस-चाळीस घरं तरी आहेत. किती घरांत मागं कुणी खलाशी होतं, तांडेल होतं, भाऊच्या धक्क्यावर हमाली करत होतं? आपण हे एकमेकांना कधी सांगितलं? मुलांना आपण शिवाजी महाराजांचं आरमार सांगतो, पाठ करून घेतो, आणि आपल्याच पणजोबांनी शीड ओढलं हे सांगायचं राहून जातं. सूरच्या पोराला विचारलं तर ते ‘फतह अल खैर’ बोटानं दाखवतं. आपली पोरं काय दाखवतील?

मला उत्तर सापडलेलं नाही. नांगर कुठं ठेवायचा हेही ठरलेलं नाही. कुणाच्या गावी जागा असेल, एखादी शाळा, एखादं देऊळ, तर जेवणाच्या वेळी मला नक्की भेटा.

घरी आल्यावर लेकीनं आणखी एक विचारलं. “पणजोबांच्या पडावाचं नाव काय होतं?” मला माहीत नव्हतं. बाबांना फोन केला, त्यांनाही आठवेना. काकांना नाही. शेवटी मोठ्या आत्याला लावला, ऐंशी कधीच ओलांडलेली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “नाव होता गो. हिरव्या रंगान लिवलेला. पण माका तेव्हा वाचूक खंय येय होता?”

भंगारवाल्याला भावानं दिवाळीपर्यंत थांबवलं आहे.