कारखान्यातील वस्तूंवर मालकीची खूण

उद्योजक बंधू-भगिनींनो, कारखान्यातील चोरीविषयी बोलताना आपण बहुधा कुलूप, कॅमेरा आणि रखवालदार यांपाशीच थांबतो. चोर सापडल्यावरही माल आपल्या हाती परत का येत नाही, हा प्रश्न मागे राहतो. जप्त मुद्देमालात एकाच बनावटीची चार ड्रिल मशीन असतील, तर त्यांतले आपले कोणते हे आपल्याला दाखवून देता आले पाहिजे. मालकाचा पत्ताच लागला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ नुसार दंडाधिकारी जाहीरनामा काढू शकतात, आणि सहा महिन्यांत कोणी हक्क सिद्ध केला नाही तर त्या मालाची विल्हेवाट सरकार लावते. आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची रीत होती, त्यामुळे लग्नकार्यात गोळा झालेली शेजारपाजारची भांडी बिनचूक घरोघर परत जात. लाखो रुपयांची यंत्रे मात्र आपण बिननावाची ठेवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खूण म्हणून काय कोरावे? फोन क्रमांक बदलतात, आणि एकाच नावाच्या कितीतरी फर्म एकेका औद्योगिक वसाहतीत असतात. माझा आग्रह जीएसटी क्रमांकाचा आहे. १५ अक्षरांचा हा क्रमांक देशात दुसऱ्या कोणाचा नसतो. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून कोणालाही नोंदणीधारकाचे नाव पाहता येते, त्यामुळे परजिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातूनही मालकाचा माग काढता येतो. नियमाप्रमाणे तो आपल्या दारावरच्या पाटीवर लिहिलेला असतोच, म्हणून तो उघड होण्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे आपला नग क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक, खरेदीचे बिल व खुणेचा जवळून काढलेला फोटो नोंदवहीत ठेवावा.

मोटरच्या नेमप्लेटवर विसंबू नये, कारण रिव्हेट उडवले की ती निघते. क्रमांक यंत्राच्या अंगावरच, शक्यतो दोन ठिकाणी, पंचने (अंक उमटवणाऱ्या ठशाने) ठोकावा. व्हर्नियर, मायक्रोमीटर किंवा गेज या अचूक मोजमापाच्या साधनांवर मात्र हातोडा चालवू नये. तिथे मापाचा पृष्ठभाग सोडून लेझरने किंवा रासायनिक पद्धतीने खूण करून घ्यावी. तांब्याची केबल वितळवली की कोणतीही खूण उरत नाही, तेव्हा तिच्यासाठी बंदिस्त कोठार हाच उपाय.

वस्तूंवर मालकीची खूण करण्याच्या मोहिमेची सुरुवात १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे पार्क येथे झाली. पुढे गुन्हेविषयक संशोधक ग्लोरिया लेकॉक यांनी ब्रिटनमधील साउथ वेल्सच्या घरफोड्यांचा अभ्यास करून १९८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. खुणा केलेल्या घरांतील घरफोड्या तिथे कमी झाल्या होत्या, आणि त्यामागे मोहिमेच्या जोरदार प्रसिद्धीचा व दारांवरच्या सूचनांचा मोठा वाटा असल्याचे त्यांचे मत होते. तो अभ्यास घरांचा असला तरी मला तो आपल्यालाही लागू वाटतो: खूण झाकून ठेवू नका, फाटकावर तसा फलक लावा आणि परिसरातल्या भंगारवाल्यांनाही सांगून ठेवा. नुकसान करण्याच्या हेतूने मालकीची खूण खोडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, हेही त्या फलकावर लिहावे.

माल सापडल्यावर तो वर्षानुवर्षे ठाण्याच्या आवारात गंजत पडू देऊ नये. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की तपशीलवार पंचनामा करून, फोटो काढून आणि बंधपत्र घेऊन माल लवकर परत द्यावा, आणि ठाण्यात तो १५ दिवस ते एक महिना याहून अधिक काळ ठेवू नये. आपली नोंदवही तयार असेल तर वकिलाला माल परत मिळवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात करता येतो.

एक गोष्ट सहसा राहून जाते. खूण केलेले यंत्र विकताना जुना क्रमांक घासून काढू नये. त्यावर एकच आडवी रेघ कोरून शेजारी नव्या मालकाचा क्रमांक घालावा आणि विक्रीच्या बिलात दोन्ही क्रमांक लिहावेत, म्हणजे प्रामाणिक खरेदीदारावर चोरीच्या मालाचा संशय येणार नाही.