गंधार कुठे लावायचा?

मंडळी, विषय दिला आहे ‘टीव्हीवरच्या संगीत कार्यक्रमांचं भवितव्य’. त्याकडे येतोच, पण आज पडद्यावर गाण्याचं काय होतं ते आधी बघू, कारण खरी गोम तिथे आहे.

तासाभराचा कार्यक्रम धरा. नियमानं तासाला १२ मिनिटं जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या झलका. उरली ४८. स्पर्धक आठ असतील तर प्रत्येकाला सहा मिनिटं, त्यातच ओळखीची चित्रफीत, निवेदन आणि परीक्षकांचं बोलणं. गाण्याला जेमतेम दोन-अडीच. म्हणून मुखडा, एक अंतरा, टाळ्या. दुसऱ्या अंतऱ्यात कविता उलगडते, तो बाद. नाट्यपदातली तानेची जागाही बाद. २००८-०९च्या ‘लिटल चॅम्प्स’नं घराघरांत अभंग आणि नाट्यपदं पोचवली, हे टीव्हीचं मोठं काम आहे. म्हणूनच ही कात्री जास्त खुपते.

त्याहून खुपतं ते सुरांचं. रेकॉर्डिंगला प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा असतो: गळा, तबला (दायाँ) आणि डग्गा (बायाँ), पेटी, कीबोर्ड. नंतर गळ्याच्या ट्रॅकवर सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर चालवता येतं. त्यातलं ऑटो-ट्यून १९९७ साली आलं. नेहमीच्या सेटिंगला ते सप्तकाचे बारा सारखे भाग करतं, प्रत्येकी १०० सेंटचे (सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं बारीक माप), आणि गळ्याला जवळच्या खुणेवर ओढतं. म्हणजे शुद्ध गंधार, आपला ‘ग’, षड्जापासून, म्हणजे ‘सा’पासून, ४०० सेंटवर. आता जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारी घोडीवरची जागा, नीट लागलेला तंबोरा ऐका. षड्जाच्या तारेतून आपोआप जो गंधार उमटतो तो षड्जाच्या सव्वापटीचा, ३८६ सेंटवर. तंबोऱ्याशी जुळवून लावलेला गंधार यंत्राला १४ सेंट उतरलेला वाटतो आणि ते तो चढवतं. गायक सुरेलच होता! मग गळा आणि तंबोरा भांडायला लागतात, आणि मिक्सिंगला तंबोऱ्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली जातो.

दरबारी रागात तर फारच वाईट. तिथला कोमल गंधार आंदोलित, एका जागी न थांबणारा. रिट्यूनचा वेग, म्हणजे यंत्र किती झटकन सूर ओढतं तो, शून्य मिलिसेकंदाकडे नेला की आंदोलन सपाट होतं आणि मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा, जिना होतो. यावर उपाय आहे. वेग संथ ठेवायचा, सॉफ्टवेअरमध्ये गंधार १४ सेंट खाली नोंदवायचा, आणि खरोखर घसरलेला स्वर तेवढा कानानं निवडून हातानं दुरुस्त करायचा. याला वेळ लागतो, आणि भाग प्रसारणाला द्यायची घाई असते, म्हणून सरसकट फिल्टर फिरतो.

आयोजकांची चिठ्ठी आली, तेव्हा भवितव्य भरभर सांगतो. गाणं स्टुडिओत पूर्ण वाजवून घ्या. वादक बसलेलेच असतात, ट्रॅक उघडलेलेच असतात. टीव्हीला अडीच मिनिटं कापा आणि पूर्ण गाणं दुरुस्तीशिवाय त्याच रात्री यूट्यूबवर टाका. स्पर्धेबाहेर आठवड्याला निदान एक अर्धा तास असा ठेवा, ज्यात एकच गायक आणि दोन-तीनच रचना असतील. तंबोऱ्याच्या ट्रॅकवर नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन, लावू नका, त्याचा विरत जाणारा नाद तिथेच कापला जातो.

आणि फोनसाठी वेगळं मिक्स करा. २०० हर्ट्झच्या खाली फोनचा छोटा स्पीकर जवळजवळ मुका असतो, बायाँचा घुमारा तिथेच हरवतो. नुसता आवाज वाढवून तो परत येत नाही. त्याचे वरचे उपस्वर, म्हणजे मूळ नादासोबत उमटणारे उंच स्वर, थोडे उचलले की कानाला बायाँ पुन्हा सापडतो.