जिभेवरची पारख

समोर दिसणारा उतार रोहतांग खिंडीच्या परिसरातला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर शरद ऋतू लागला, की अमची, म्हणजे तिबेटी वैद्य, येथे मुळे खणण्यासाठी येतात. पाने वाळू लागल्यावर वनस्पतीचा कस मुळांत उतरतो, असे त्यांचे शास्त्र सांगते. खुरप्याने माती मोकळी करून काढलेली ही कुटकी आहे, जिला ते होंगलेन म्हणतात.

सोवा रिग्पा या तिबेटी चिकित्सापद्धतीचा मूळ ग्रंथ ‘ग्युशी’ वनस्पतीच्या ओळखीपाशी थांबत नाही. ती कोठे वाढली, केव्हा काढली, कशी वाळवली, किती जुनी झाली, तिच्यातला विषारी अंश काढला का, हे सारे तो विचारतो. थंड गुणाची वनस्पती सावलीच्या उतारावरची हवी आणि ती सावलीतच वाळली पाहिजे. उष्ण गुणाचीला दोन्ही वेळा ऊन हवे.

अमचींच्या हातातले वाळलेले मूळ पाहा. बाहेरून ते करडे आणि सुरकुतलेले आहे. मोडताना ते न वाकता काडकन तुटते आणि आतल्या काळसर भागात पांढुरक्या ठिपक्यांचे कडे दिसते. मग लहानसा तुकडा जिभेवर ठेवला जातो. काही प्रदेशांत होंगलेन याच नावाने लॅगोटिस वंशातील वनस्पतीही वापरली जाते, त्यामुळे पोत्यावरच्या चिठ्ठीवर विसंबून चालत नाही.

आता आपण धरमशाला येथे आहोत. ल्हासात १९१६ मध्ये स्थापन झालेली मेन-त्सी-खांग ही वैद्यकसंस्था १९६१ मध्ये याच गावात पुन्हा उभी राहिली. येथील एका औषधशाळेत पांढऱ्या बशीतल्या पाण्यात केशर सोडले आहे. अस्सल काडी सावकाश पिवळा रंग सोडते आणि स्वतः लालच राहते. रंगवलेली काडी पाणी लगेच लाल करून फिकी पडते. करडईची फुले मिसळली असतील, तर भिंगाखाली टोकाशी पाच फाटे दिसतात. सोलापूरकडच्या करडईच्या शेतात वावरलेल्या माणसाला त्यासाठी भिंगही लागू नये.

हिरड्याची गोष्ट अवघड आहे. औषधबुद्धाच्या, म्हणजे बुद्धाच्या वैद्यरूपाच्या, चित्रांत त्याच्या हाती हीच वनस्पती असते, पण ती रोहतांगसारख्या उंचीवर होत नाही. ती मैदानातल्या बाजारातून आणावी लागते, आणि कोणत्या रानात, कोणी, केव्हा वेचली याचा माग तेथे उरत नाही.

सूक्ष्मदर्शक आणि क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखण्याची पद्धत, यांची गरज नाकारण्याचे कारण नाही, कारण शिसे किंवा मूत्रपिंडाला अपाय करणारे अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल जिभेला कळत नाही. यंत्रापुढे मात्र बहुधा दळलेला नमुना येतो, आणि तो कोणत्या उतारावरचा, सावलीत वाळलेला की उन्हात, हे ते सांगू शकत नाही. २०१० मध्ये भारताने सोवा रिग्पाला कायदेशीर मान्यता दिली. या पद्धतीच्या शिक्षणातले डोंगरावरचे दिवस म्हणूनच कमी होता कामा नयेत. कुठ ही औषधी वनस्पती साइट्स या, संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, कराराच्या पहिल्या परिशिष्टात आणि जटामांसी दुसऱ्या परिशिष्टात आहे. माल दुर्मिळ झाला की भेसळ वाढते आणि ती अखेर रुग्णाच्या पोटात जाते.